प्रशिक्षकाला वर्षं द्या!



पोर्शन मागे पडला की आपल्या शाळांत पहिला बळी कोणत्या तासाचा जातो, हे वेगळं सांगायला नको. पी.टी.चा! "सर, आजचा तास मला द्या ना, दोन प्रकरणं राहिलीत," असं गणिताच्या बाई म्हणतात आणि पी.टी.चे सर मान हलवतात. मुलांना वाईट वाटतं, पण कुणी काही बोलत नाही. कारण आपण सगळ्यांनी मनात कुठेतरी मान्य केलेलं आहे की, खेळ शिकवणं हे काही 'खरं' शिकवणं नाही.

आज या समजाविरुद्ध थोडं बोलायचं आहे आणि त्यासाठी एका अमेरिकन सॉफ्टबॉल प्रशिक्षिकेची कारकीर्द तुमच्यापुढे ठेवते. त्यांचं नाव कॅरोल हचिन्स. मिशिगन विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या त्या १९८५ ते २०२२ अशी सलग ३८ हंगाम मुख्य प्रशिक्षक होत्या. तिकडे त्यांना सगळे प्रेमाने 'हच' म्हणतात. आपल्याकडे 'हच' म्हटलं की जुनी मोबाइल कंपनी आणि तो मागे मागे फिरणारा कुत्रा आठवतो, म्हणून आपण आपल्या पद्धतीने त्यांना हचिन्सबाईच म्हणू.

आधी खेळाविषयी थोडंसं

सॉफ्टबॉल आपल्याला अगदी परका नाही. आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांत हा खेळ आहे आणि महाराष्ट्रातल्या सॉफ्टबॉलपटूंना शिवछत्रपती पुरस्कारही मिळाले आहेत. तरी बऱ्याच पालकांना तो नीट माहीत नसतो, म्हणून दोन ओळी. बेसबॉलचाच हा भाऊबंद. सुरुवात १८८७ साली शिकागोत झाली, तीही बंद सभागृहात. मैदानात एका बाजूचे नऊ खेळाडू, सामना सात डावांचा. चेंडू बेसबॉलपेक्षा मोठा, घेर सुमारे १२ इंच. आणि पिचर चेंडू टाकते तो हात खालून फिरवून.

'खालून' म्हटलं म्हणून हळू समजू नका. अमेरिकन कॉलेजच्या मुली ४३ फुटांवरून ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगाने चेंडू टाकतात. समोरच्या मुलीला बॅट फिरवायची की नाही हे ठरवायला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. असा खेळ आठ दिवसांत शिकवून होत नाही. हात, डोळे, पाय आणि धीर तयार व्हायला वर्षं जातात. हे 'वर्षं' लक्षात ठेवा, लेख त्याबद्दलच आहे.

खेळाडू ते प्रशिक्षक

हचिन्सबाईंचा जन्म १९५७ सालचा, गाव मिशिगन राज्यातलं लान्सिंग. शेजारच्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या शिकल्या आणि तिथे बास्केटबॉल व सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ खेळल्या. सॉफ्टबॉलमध्ये त्या शॉर्टस्टॉप होत्या, आणि १९७६ साली त्यांच्या संघाने महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

विजेत्या संघाच्या मुली म्हणजे मोठा मान असेल, असं आपल्याला वाटतं. पण त्या काळात तिथेही मुलींचा खेळ म्हणजे 'खेळू द्या पोरींना, पण खर्च नको' असाच प्रकार होता. १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला होता, 'टायटल नाइन' नावाचा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही स्त्री किंवा पुरुष आहे म्हणून वेगळी वागणूक देता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. मूळ इंग्रजी कलम अवघ्या ३७ शब्दांचं. त्यात 'खेळ' हा शब्दसुद्धा नाही. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे असं धरलं की हा कायदा मैदानालाही लागू होतो, आणि मुलींनी तो तसा लावून घेतला.

त्यात हचिन्सबाई होत्या. १९७९ साली मिशिगन स्टेटच्या बास्केटबॉलच्या मुली आपल्याच विद्यापीठाविरुद्ध कोर्टात गेल्या. बाहेरगावी सामन्याला गेल्यावर मुलांच्या संघाला जेवणाचा भत्ता आणि राहण्याची सोय जशी मिळते, तशीच आम्हालाही मिळावी, ही मागणी. खटल्यावर नाव कॅरोल हचिन्स यांचं. त्याच वर्षी त्याच विद्यापीठाच्या मुलांच्या संघाने मॅजिक जॉन्सनसारख्या खेळाडूच्या जोरावर राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. म्हणजे एका बाजूला देशभर गाजणारा संघ, आणि दुसऱ्या बाजूला जेवणाच्या पैशांसाठी न्यायाधीशापुढे उभ्या राहिलेल्या मुली.

पालकहो, इथे थोडं थांबून विचार करू. आपली मुलगी अशी कोर्टात जायला निघाली असती, तर आपण काय म्हणालो असतो? "जाऊ दे ना, शेवटचं वर्ष आहे, कशाला वाकडं घ्यायचं?" असंच ना? पण त्या मुलींनी वाकडं घेतलं आणि त्याचा फायदा त्यांच्या मागून आलेल्या मुलींना झाला.

पुढचा प्रवास प्रशिक्षकाच्या नेहमीच्या वाटेने झाला. इंडियाना विद्यापीठातून १९८१ साली पदव्युत्तर पदवी, मग फेरिस स्टेट या लहान संस्थेत एक हंगाम प्रशिक्षक, त्यानंतर मिशिगन विद्यापीठात दोन वर्षं सहायक आणि १९८५ पासून मुख्य प्रशिक्षक. कॉलेजचा हा संघ तेव्हा नवाच होता, त्याचा पहिला हंगाम १९७८ सालचा. म्हणजे बाईंना तयार गादी मिळाली नव्हती.

फळ कधी मिळालं?

आता हे आकडे शांतपणे वाचा.

मुख्य प्रशिक्षक झाल्या : १९८५.
आपल्या विभागाचं, म्हणजे 'बिग टेन'चं, पहिलं विजेतेपद : १९९२.
देशातल्या शेवटच्या आठ संघांच्या महिला कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये पहिला प्रवेश : १९९५.
राष्ट्रीय विजेतेपद : २००५.

म्हणजे विभागातलं पहिलं यश आठव्या हंगामात आलं, देशपातळीवरच्या मोठ्या मैदानात पाऊल पडलं अकराव्या हंगामात, आणि देशातला सर्वोच्च चषक हाती आला एकविसाव्या हंगामात!

एकवीस वर्षं. आपल्याकडे दुसऱ्या वर्षी जिल्हा पातळीवर हरलं तर संस्थाचालक विचारतात, "सर, काय करता तुम्ही मैदानावर?"

बरं, अडचणी काय कमी होत्या? अ‍ॅन आर्बर हे मिशिगन विद्यापीठाचं गाव थंड प्रदेशात. कॉलेज सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा तिथे मैदानावर बर्फ असतं. त्यामुळे सराव छताखाली, आणि हंगामाचे पहिले कितीतरी सामने दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत जाऊन खेळायचे. कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनाच्या मुली मात्र वर्षभर उन्हात खेळतात. त्यामुळे २००५ पर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाला हे विजेतेपद मिळालं नव्हतं.

त्या वर्षी अंतिम फेरीत समोर होता कॅलिफोर्नियाचा बलाढ्य यूसीएलए संघ. तीनपैकी दोन सामने जिंकायचे होते. पहिल्यात मिशिगन ०-५ असा हरला. दुसरा ५-२ असा जिंकला. तिसरा सात डावांत सुटला नाही, तो दहाव्या डावापर्यंत गेला. तिथे सामंथा फिंडले या पहिल्या वर्षाच्या मुलीने तीन धावांचा होमरन मारला आणि मिशिगन ४-१ असा जिंकला. नदीच्या पूर्वेला पहिल्यांदाच चषक गेला.

या निकालाबद्दल मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. निर्णायक फटका मारणारी मुलगी संघात येऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं, पण ती ज्या संघात आली तो घडायला वीस वर्षं लागली होती. आपल्याकडे बोर्डात पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापतात, ते योग्यच आहे. पण तिला पहिलीत अक्षर गिरवायला लावणाऱ्या बाईंचं नाव त्या फोटोखाली नसतं.

संघ बदलतो, बाई राहतात

कॉलेजच्या खेळाडूला साधारण चार हंगाम मिळतात. चार वर्षांनी पूर्ण संघ बदलतो. आज ज्या मुलीवर मेहनत घेतली, ती नेमकी तयार होते आणि पदवी घेऊन निघून जाते. मग पुन्हा नवीन मुली, पुन्हा पहिल्यापासून. दहावीच्या बॅचला निरोप देऊन जूनमध्ये परत कोऱ्या चेहऱ्यांसमोर उभं राहणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

३८ वर्षांत असे नऊ-साडेनऊ संघ हचिन्सबाईंच्या हाताखालून गेले. तेवढ्या काळात विभागाची २२ विजेतेपदं, कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये १२ वेळा प्रवेश, आणि फेरिस स्टेटचा तो एक हंगाम धरून एकूण १,७०७ विजय. वर्षाला सरासरी ४४ च्या आसपास. २०२२ साली कॉलेज सॉफ्टबॉलच्या इतिहासात सर्वाधिक विजय मिळवणारी प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव लागलं आणि त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

आता दुसरी बाजूही पाहू. राष्ट्रीय विजेतेपद किती? एक. ३८ वर्षांत फक्त एक! २०१५ साली त्या पुन्हा अंतिम फेरीत पोचल्या, पण फ्लोरिडाकडून तिसऱ्या सामन्यात हरल्या. केवळ चषक मोजायचे म्हटलं तर कुणी म्हणेल, "यात काय एवढं?" पण चषक मोजणाऱ्याला त्या नऊ संघांतल्या मुली दिसत नाहीत. बाईंनंतर मुख्य प्रशिक्षक झालेल्या बॉनी थॉल स्वतः त्याच संघाच्या जुन्या खेळाडू आणि कित्येक वर्षं त्यांच्या सहायक होत्या. आपल्या हाताखाली शिकलेली मुलगी आपल्या जागी उभी राहणं, यापेक्षा शिक्षकाला वेगळं काय हवं असतं?

कायद्याने काय झालं आणि काय झालं नाही

'टायटल नाइन'चा परिणाम मोठा झाला. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली होत्या सुमारे २ लाख ९४ हजार आणि मुलं ३६ लाखांहून जास्त. म्हणजे बारा मुलांमागे एक मुलगी! २०१८-१९ पर्यंत मुलींची संख्या ३४ लाखांवर गेली. सरकारी कागद आणि तो कागद घेऊन कोर्टाची पायरी चढणाऱ्या मुली, दोन्ही असले की काय होतं ते यातून दिसतं.

पण याच गोष्टीचा एक उलटा परिणामही झाला. १९७२ साली कॉलेजच्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या दोन प्राध्यापिकांनी वर्षानुवर्षं ही मोजणी केली. २०१४ साली हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास आलेलं दिसलं. कारण उघड आहे. पूर्वी त्या कामाला पगार नव्हता की मान नव्हता, म्हणून ते बायकांकडे होतं. कायद्यामुळे पैसा आला, नोकऱ्या पक्क्या झाल्या, तेव्हा त्या जागांसाठी पुरुषही अर्ज करू लागले. मुलींचे आणि मुलांचे क्रीडा विभाग एकत्र झाले आणि नेमणुका करणारे वरचे अधिकारी बहुतेक पुरुषच राहिले.

हे वाचून आपल्याकडचं चित्र डोळ्यांपुढे येतं ना? बालवाडीत सगळ्या बाईच, आणि जसजसं वर जावं तसतसे सर वाढत जातात.

पुरुष प्रशिक्षक वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्या कितीतरी मुलींना मैदानावर आणलं ते सरांनीच. माझं म्हणणं इतकंच की, आठवी-नववीत मुली खेळ सोडतात तेव्हा त्यामागे नेमकं काय असतं, हे त्या सरांना सांगू शकत नाहीत. पाळी असते, कपड्यांची लाज असते, घरच्यांची धास्ती असते. तिथे मैदानावर एखादी बाई असेल तर निम्मे प्रश्न बोलूनच सुटतात. शिवाय 'मोठेपणी मीसुद्धा अशी होऊ शकते' हे मुलीला भाषणातून कळत नाही, ते समोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून कळतं. मुलीला परगावी सामन्याला पाठवताना आईच्या मनात जी धाकधूक असते, तीही संघाबरोबर बाई आहेत म्हटल्यावर थोडी कमी होते.

"त्यांच्याकडे पैसा आहे हो!"

हा आक्षेप नक्की येणार, आणि तो खोटा नाही. अमेरिकन विद्यापीठांची मैदानं, शिष्यवृत्त्या, प्रशिक्षकांचे पगार यांची आपण बरोबरी करू शकत नाही. पण लक्षात घ्या, ही गोष्ट सुरू झाली तेव्हा तिथेही मुलींच्या वाट्याला पैसा नव्हता. जेवणाच्या भत्त्यावरून खटला भरावा लागला, यावरून काय ते समजा. पैसा नंतर आला. त्याआधी काही माणसांनी ठाम उभं राहायचं आणि टिकून राहायचं ठरवलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. एकाच जागी ३८ वर्षं म्हणजे माणूस खुर्चीला चिकटून बसला, असंही होऊ शकतं. बरोबर आहे. नुसतं टिकणं हा गुण नव्हे. वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या पडलेल्या टाचण वहीतून शिकवणारे आपल्यातही असतात. म्हणून वर्षं द्यावीत, पण हिशेबही मागावा. फक्त तो हिशेब चषकांचा नसावा. किती मुली मैदानावर आल्या, त्यातल्या किती टिकल्या, किती जणी अभ्यासही सांभाळू शकल्या, किती जणी पुढे स्वतः शिकवायला लागल्या, हे विचारावं.

आपल्याकडे काय चाललंय?

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की, सहावी ते आठवीची पटसंख्या १०० च्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. शब्द नीट वाचा, 'अंशकालीन'. म्हणजे कायदा लिहितानाच आपण ठरवून टाकलं की, खेळ शिकवणारा माणूस अर्धवेळ पुरे. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हेच माहीत नाही, तो अकराव्या वर्षी येणाऱ्या फळासाठी झाड कसं लावणार? तो या वर्षीच्या तयार पोरांवरच मेहनत घेणार. आणि जी मुलगी आज धडपडते, पण तीन वर्षांनी चमकली असती, ती बाजूलाच राहणार.

पालकांच्या बाजूनेही एक गोष्ट घडते. खेळ म्हणजे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, किंवा पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण. या सवलती चांगल्याच आहेत, त्या घ्याव्यात. पण गुण हातात पडले की दुसऱ्या दिवशी किट माळ्यावर जातं. मग प्रशिक्षकही गुणांपुरतंच शिकवतो. 'जसा भाव तसा देव' म्हणतात तसं.

तर मग करायचं काय?

मोठ्या गोष्टी सरकारच्या हातात आहेत हे खरं. पण शाळेच्या पातळीवर जमतील अशा काही गोष्टी सुचवते.

१) पी.टी.चा तास दुसऱ्या विषयाला द्यायचा नाही, असं मुख्याध्यापकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावं. विज्ञानाचा तास आपण खेळाला देतो का कधी?

२) पालकसभेला वर्गशिक्षकांबरोबर पी.टी.च्या सरांना किंवा बाईंनाही खुर्ची द्यावी आणि पालकांनी त्यांनाही विचारावं, "माझी मुलगी मैदानावर कशी आहे?"

३) मुलींच्या आणि मुलांच्या संघांचा खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे शेजारी-शेजारी लिहून ठेवावा. प्रवास, जेवण, गणवेश, साहित्य. फरक असला तर तो कागदावर लगेच दिसतो. कोर्टात जायची वेळ येणार नाही.

४) शाळेतून खेळून गेलेल्या मुलींना परत बोलवावं. त्यातली एखादी बी.पी.एड. करत असेल किंवा करू शकेल, तर तिला संघाबरोबर उभं राहू द्यावं. उद्याची प्रशिक्षिका तिथूनच येणार आहे.

५) आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रशिक्षकाला पहिल्या दोन-तीन वर्षांत चषक विचारू नये.

मुलींना मैदान मिळायला हवं, हे आता बहुतेक सगळे मान्य करतात. पण त्या मैदानाच्या कडेला रोज उभं राहणारं कुणीतरी लागतं, आणि त्याला तिथे उभं राहायला वर्षं लागतात, हे मान्य करायला आपण अजून तयार नाही. हचिन्सबाईंना मिशिगनने पहिल्या दहा वर्षांत घरी पाठवलं असतं, तर त्यांचं नाव आज कुणाला माहीत नसतं, आणि दहाव्या डावात फटका मारणाऱ्या त्या मुलीचंही नाही.

यंदाचं वेळापत्रक लावताना तुमच्या शाळेतला पी.टी.चा तास कुठे बसवला आहे, एकदा पाहा. आणि तो शिकवणारी व्यक्ती पुढच्या जूनमध्ये तिथे असेल का, तेही विचारा.